भीमेच्या पुलावरून आलेली शिट्टी

पोपटच्या डाव्या तळहातावरची पट्टी आता कोण बदलत असेल, हा विचार काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. बाकीच्या काळज्या याहून मोठ्या आहेत. माझा मुलगा तुरुंगात आहे, की कुणाच्या उसात लपून बसला आहे, की पोलिसांच्या पहाऱ्यात इंजिनावर उभा आहे, हे मला माहीत नाही. पण डोळा लागला की दिसते ती पट्टीच. कोळशाच्या धुळीने काळी झालेली, कडेने पिवळी पडलेली. संपाच्या आधी भट्टीचं दार उघडताना त्याचा हात भाजला होता. दर दोन दिवसांनी धुवून मलम लावायचं, असं मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "तूच येत जा की लावायला."

हे शेजारच्या खाटेवर निजले आहेत, किंवा निजल्यासारखे पडले आहेत. पोपटबद्दल गेल्या काही दिवसांत इतक्या माणसांनी इतकं काही सांगितलं आहे, की तो मुळात कसा आहे ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं असं मला वाटू लागलं. मी त्याची आई, म्हणजे माझं लिहिणं एका बाजूचंच होणार. पण दुसऱ्या बाजूचं सांगणारे पुष्कळ आहेत.

त्याचं नाव माझ्या सासूबाईंनी ठेवलं. पोर पाळण्यातसुद्धा एकटंच बडबडायचं म्हणून पोपट. पुढे त्याने ते नाव खरं करून दाखवलं. शिरूरच्या एसटी स्टँडवर कंडक्टर जसा घंटी मारून ओरडायचा तसा तो घरात ओरडायचा. आमच्या हेडमास्तरांची नक्कल त्याने एकदा माझ्याच वर्गाच्या दारात केली आणि मला हसू दाबायला फळ्याकडे तोंड करावं लागलं. मी पुण्याला राहून बी. ए. केलं. आमच्या वस्तीतली कॉलेजात गेलेली पहिली बाई मीच. शाळेत इतिहास शिकवते. पोरगा माझ्या पुढे जाईल, एम. ए. करील, हे मी धरूनच चालले होते.

पण शिरूरला रेल्वे नाही, आणि जे नाही त्याचंच त्याला वेड. लहानपणी ह्यांच्याबरोबर केडगावला गेला तेव्हा त्याने पहिल्यांदा इंजिन पाहिलं. परत आला तो तोंडाने वाफ सोडतच. अकरावी झाल्यावर एक दिवस न सांगता दौंडला गेला आणि लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागून आला. इंजिनं चिंध्यांनी पुसायची, तेल काढायचं, काजळी खरवडायची. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून म्हणाला, "आई, तू इतिहास शिकवतेस, मी इंजिन पुसतो. दोघंबी जुनंच घासतोय. रागवायचं काय त्यात?"

मग तो फायरमन झाला. फायरमन म्हणजे भट्टीत कोळसा मारणारा. दौंडहून मनमाडच्या लाईनीवर जायचा. बारा तास, चौदा तास, कधी त्याहून जास्त. घरी येऊन भिंतीला पाय लावून झोपायचा आणि झोप पुरी व्हायच्या आत शेडचा बोलावणारा माणूस दार वाजवायचा. त्याचा ड्रायव्हर होता हौसराव, मांडवगण फराट्याचा. वयाने ह्यांच्याएवढा. पोपट त्याला मामा म्हणतो. हौसरावच्या घरची मांडवगणला शेती, भाऊ ऊस करतो. हा एकटाच रेल्वेत आलेला. इंजिनाला शिव्या देत चालवायचा आणि शिव्या देऊन झाल्या की त्याच्या अंगावरून हात फिरवायचा. इंजिनावर दोघं एकाच डब्यात जेवत. आमच्या घरचा डबा आधी हौसराव उघडायचा. त्यांच्या मांडवगणच्या घरी हे कळलं तेव्हा काय झालं असेल ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आता शिट्टीची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं आहे.

दौंडला पोपट राहतो त्या रेल्वेच्या चाळीत प्रत्येक जुन्या ड्रायव्हरची शिट्टी वेगळी असते. इंजिनं तीच, पण दोरी ओढायची तऱ्हा ज्याची त्याची. मनमाडकडून येणारी गाडी भीमेच्या पुलावर आली की ड्रायव्हर आपली शिट्टी देतो, आणि चाळीत त्याची बायको तवा टाकते. पुलावरून स्टेशन, तिथून शेड, इंजिन ताब्यात देणं, हातपाय धुणं, हे सगळं होऊन माणूस दारात येईपर्यंत भाकरी तयार असते. हौसरावची शिट्टी म्हणजे दोन आखूड आणि मग एक लांब. लांब शिट्टीचा शेवट हळूहळू खाली उतरायचा, डोक्यावरची पाटी कुणीतरी जपून जमिनीवर ठेवावी तसा.

गेल्या हिवाळ्यात मी पोपटकडे राहायला गेले होते तेव्हा पहिल्यांदा ती ऐकली. माझी सून नकुशी पीठ मळत होती. शिट्टी झाली आणि तिने मान वर न करता तवा चुलीवर ठेवला. "आत्या, पाट घ्या. आले," म्हणाली. समोरच्या दारातून हौसरावची बायको सारजाबाई ओरडली, "नकुशे, शिट्टी तुझ्या नवऱ्याची का माझ्या?"

"मामी, एकाच इंजिनावर हायेत दोघं. तुमीबी टाका तवा."

"माझा म्हातारा आधी पान खाणार, मग चार टाळकी गोळा करून गप्पा हाणणार, मग येणार. त्याला गरम काय आन् गार काय."

पोपट आल्यावर मी विचारलं, तर छाती फुगवून म्हणाला, "मीच ओढली. मामांनी दिली मला." हौसराव मागेच होता. तो म्हणाला, "बाई, मी आता रिटायर व्हायला आलो. पेन्शन मिळंल, शिट्टी काय पेन्शनीत मिळत न्हाई. म्हणलं ह्यालाच दिऊन टाकावी. कवातरी ड्रायव्हर हुईलच." तेव्हापासून पुलावर दोरी पोपट ओढायचा. चाळीत ती आता पोपटची शिट्टी म्हणूनच ओळखली जाई. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. देशभर. मागण्या बोनसच्या होत्या, पगाराच्या होत्या, पण पोपटला विचारलं तर तो एकच सांगायचा: "आठ तास, आई. माणसाला आठ तास." संप सुरू व्हायच्या आधीच धरपकड सुरू झाली. हौसराव युनियनच्या कामात होता. त्याला पोलिसांनी घरातून नेलं. सारजाबाईने पायात चपला घालून दिल्या आणि तो निळ्या गाडीत चढला, हे सगळ्या चाळीने पाहिलं. पोपट संपाच्या आदल्या दिवशी शिरूरला आला तो हात दाखवायला. मी पट्टी बांधत होते, हे रेडिओ लावून बसले होते. पोपट म्हणाला, "आबा, उद्यापासनं ह्याच्यावर गाड्या धावतील. रुळावर धावतात का ते बघा."

हे म्हणाले, "सरकार खोटं कशाला सांगंल?"

हे तालुका कचेरीत शिपाई आहेत. त्यांचं सगळं आयुष्य साहेबांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर गेलं, आणि त्या स्टुलानेच आमचं घर चाललं. त्यांना मी दोष देत नाही.

पोपटचं म्हणणं खरं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून रेडिओ सांगू लागला की बहुतेक गाड्या सुरळीत चालू आहेत आणि कामगार मोठ्या संख्येने कामावर परतत आहेत. युनियनचं एक पत्रक कुणीतरी शिरूरला आणलं, त्यात लिहिलं होतं की संप शंभर टक्के आहे, एक चाक फिरत नाही. मी मुलांना वर्गात सांगते, एका साधनावर विसंबू नका, दोन ताडून पाहा. इथे दोन साधनं होती आणि एक मान्य केलं तर दुसऱ्याचं एक अक्षर उरत नव्हतं. स्टँडवर एक जण म्हणाला, दौंडला गोळी चालली, नऊ माणसं पडली. त्याच बाकावरचा दुसरा म्हणाला, "आरं कसली गोळी? मी सकाळी आलोय तिकडनं. बाया भजी तळायल्यात." दोघांनीही डोळ्यांनी पाहिलं होतं. मी जरा खोदून विचारलं तेव्हा पहिल्याला त्याच्या साडूने सांगितलं होतं आणि दुसरा दौंडच्या अलीकडेच उतरला होता.

शाळेला सुट्टी होती. मी ह्यांना सांगून निघाले. न्हावऱ्यावरून केडगावला उतरले ती सरळ स्टेशनात गेले. रूळ पाहायचे होते. रुळांवर गंज चढला होता, तांबूस, ओल्या विटकरीसारखा. पण मधोमध बोटभर पट्टा चकाकत होता. तिथे एक म्हातारा हमाल पाय पसरून बसला होता. त्याला म्हटलं, "गाडी गेली का हो इथून?"

"गेली की बाई. एक गेली."

"मग चालू आहेत गाड्या."

"मग दुपारच्याला एक आली. आता तीच परत आली का दुसरी, ते कुणाला ठावं. डबे मोकळे व्हते, दिवे लावले व्हते."

दौंडला पोहोचले. एसटी उभी राहते तिथपासून चाळीपर्यंत मला एकही पुरुष दिसला नाही. शेडच्या फाटकावर बंदुका घेतलेली माणसं होती, त्यांच्यात पोलीस कोण आणि लष्कराचे कोण ते मला ओळखता आलं नाही. दारांवर क्वार्टर खाली करण्याचे कागद चिकटवलेले. नकुशीने मला आत घेतलं, दार लावलं आणि मगच बोलली. पोपट चौघापाच जणांबरोबर रात्रीच निघून गेला होता, मांडवगणला, हौसरावच्या भावाच्या उसात. घरी सापडेल त्याला पोलीस दोनच गोष्टी विचारत होते: इंजिनावर चढतोस की गाडीत बसतोस. म्हणून घरी कुणी थांबलंच नव्हतं.

"हाताचं काय?" मी विचारलं.

"मलम दिलंय बांधून. लावत्यात का न्हाई कुणास ठावं."

बायका मात्र जाग्यावर होत्या. सारजाबाईच्या अंगणात एकच चूल पेटायची. ज्याच्याकडे जे पीठ असेल ते आणायचं, सगळ्यांनी मिळून खायचं. पोलिसांची जीप आली की एक बाई ताटली वाजवायची आणि बाकीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या, काही न बोलता. मला तिथे बरं वाटलं. वाटलं, रेडिओ काय सांगतो त्याने काय होतंय, इथे खरं काय ते समोर आहे.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शिट्टी झाली.

सगळ्यांनी ऐकली. भीमेच्या पुलावरून. दोन आखूड, एक लांब. मी दारात होते, नकुशी आत होती. मी वळून पाहिलं तर तिने चुलीवर तवा ठेवलेला होता. काटवटीत पीठ घेतलेलं, पाण्याचा हात लावलेला. स्वतःच्या घरात त्या आठवड्यात तिने चूल पेटवली नव्हती. त्या संध्याकाळी माझ्यासाठी चहा करायला काटक्या लावल्या होत्या, तेवढ्या विस्तवावर तवा होता. तिचा हात तसाच थांबला. मला म्हणाली, "आत्या, मी काय करतीय?"

तोवर बायका अंगणात जमल्या होत्या. तवा सगळ्यांना दिसत होता. कोपऱ्यावरची रंगुबाई म्हणाली, "पोपटची हाय. चढला इंजिनावर."

"मामांचीबी अशीच व्हती," नकुशी दारात येऊन म्हणाली.

सारजाबाई पुढे झाली. "माझा माणूस तुरुंगात हाय. समद्या चाळीनं बघितलंय गाडीत घालताना."

"गाडीत घालताना बघितलंय मामी. उतरवताना कुणी बघितलंय?"

सारजाबाईच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. मग ती म्हणाली, "शिट्टी माझ्या नवऱ्याची आसती तर तवा मी टाकला आसता. तवा कुणी टाकला? बाईचा हात खोटं बोलत न्हाई, नकुशे."

रेडिओतल्या प्रत्येक वाक्यावर मी शंका घेत होते, रुळांवरचा गंज पाहायला दहा पावलं वाकडी वाट केली होती. पण त्या शिट्टीवर शंका घ्यावी हे माझ्या मनात आलं नाही. मीही रस्त्याकडे पाहत बसले. भाकरी भाजून होईपर्यंत माणूस येतो, हे मला नकुशीनेच शिकवलं होतं. कुणी आलं नाही. पहिली भाकरी तव्यावरच काळी झाली.

दुसऱ्या दिवशी सारजाबाईच्या चुलीवर नकुशीचं पीठ कुणी घेतलं नाही. कुणी भांडलं नाही, शिवी दिली नाही. ती नळावर गेली तेव्हा बायका आपापले हंडे उचलून बाजूला झाल्या. पाण्यावरून बाजूला होणं मला नवं नाही. लहानपणी मी ते पुष्कळ पाहिलं आहे. पण त्या दिवशी बाजूला झालेल्यांत आमच्या लोकांतल्या बायकाही होत्या, आणि ते मी पहिल्यांदा पाहिलं. नकुशीने हंडा भरला. घरी येऊन म्हणाली, "मला तर आईबापानीच नकुशी म्हणून ठिवलं. आता चाळीनं म्हणलं." आणि हसली. मला तिच्याकडे बघवेना.

मी शेडच्या फाटकावर गेले. विचारायचं एवढंच होतं: फायरमन पोपट ओव्हाळ आत कामावर आहे का? शिपायाने विचारलं, "कोण पाहिजे बाई?" माझ्या तोंडात नाव आलं आणि मी थांबले. तो आत नसेल, तर तो घरीही नाही हे मी स्वतः सांगून मोकळी होणार. मग ते विचारणार, कुठे असेल? आणि मला ते माहीत होतं. मी म्हटलं, "कुणी नाही. पाणी मिळेल का?" त्याने आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. तरुण पोरगा होता, ओठ उन्हाने फुटलेले. मी पाणी पिऊन परत आले.

मग बातम्या येऊ लागल्या, न मागता. युनियनचा एक पोरगा येऊन सांगून गेला की पोपटला शेडमध्ये लष्कराच्या माणसांबरोबर पुरीभाजी खाताना पाहिलं आहे, राजीखुशीने. मांडवगणचा एक गाडीवान म्हणाला की पोलीस उसात शिरले, पोरं पळाली, एक सापडला, "हाताला फडकं बांधलेला." शिरूरच्या एसटीतला कंडक्टर मला ओळखतो. तो म्हणाला, "बाई, काळजी करू नका, तुमचा पोरगा येरवड्यात हाय. माझ्या मेहुण्यानं बघितलाय." मी तिकिटाचे पैसे हातात धरून त्याला विचारलं, मेहुण्याने पोपटला ओळखलं कसं? तर म्हणाला, "शिरूरचा कोणतरी पोरगा हाय म्हणत व्हता." तिन्ही बातम्यांत माझ्या मुलाचं काहीतरी होतं. एकीतही तो पुरता नव्हता.

माझ्याजवळ आहे ती ती शिट्टीच. मी ती इतक्यांदा आठवून पाहिली आहे, की आता आठवतं ते खरं की माझंच, हेही सांगता येणार नाही. तिचा शेवट तुटका होता, एवढं मात्र मला वाटतं. हळू उतरायच्या ऐवजी ती मधेच थांबली. भाजलेल्या हाताने दोरी धरवली नसेल. किंवा हौसराव असेल, थकलेला, धमकावून वर चढवलेला. किंवा कुणी तिसराच, ज्याने ती शिट्टी कुठेतरी ऐकली आहे आणि गंमत म्हणून ओढली आहे. चाळीत कुणालाच तिसरा माणूस सुचला नाही, कारण चाळीत कुणी दुसऱ्याची शिट्टी ओढत नाही. पण बाहेरून आणलेल्या माणसाला चाळीची रीत काय माहीत?

आणि आणखी एक विचार आहे तो मी नकुशीला बोलून दाखवला नाही. त्याला धरून इंजिनावर चढवलं असेल, मागे बंदूक घेऊन कुणी उभा असेल, आणि पूल आला असेल. शिट्टी दिली तर चाळ काय म्हणेल हे त्याला पुरतं ठाऊक. तरी त्याने दोरी ओढली असेल, कारण नकुशीला कळावं की तो जिवंत आहे. पाळण्यात ज्याला गप्प बसवलं नाही, तो तिथे गप्प बसला नसता. असं मला वाटतं. आईला काय, काहीही वाटतं.

नकुशीला म्हटलं, शिरूरला चल. ती म्हणाली, "न्हाई आत्या. ते आले आन् दाराला कुलूप दिसलं तर? समद्यांनी तोंड फिरवलंय, दारानंबी फिरवायचं का?" मी तिच्यासाठी ज्वारी दळून आणायला म्हणून काल परत आले.

आज संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं की संप मागे घेतला आहे. ह्यांनी रेडिओ बंद केला आणि बराच वेळ त्याच्या बटणावर हात ठेवून बसले.

"संपलं," म्हणाले. "यील उद्या-परवा."

"आणि नाही आला तर?"

"रेडिओनं सांगितलंय आता."

"रेडिओ पहिल्या दिवसापासून सांगतोय की पोरं कामावर परत आली," मी म्हटलं. "आज खरं सांगितलं असलं तरी उसात बसलेलं कोण ऐकणार आहे? त्यांना वाटणार, हाही डावच आहे."

हे खाटेवर आडवे झाले. मी म्हटलं, "मी उद्या दौंडला फोन करणार आहे. शेडमध्ये."

"करू नगंस."

"का?"

"नाव लिहून घेत्याल. कोण विचारतंय, कुठनं विचारतंय. कचेरीत येईल ते. आन् ही बातमी खोटी निघाली तर पोराला तूच दाखवून दिल्यासारखं हुईल."

त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. फाटकावर मी ह्याच भीतीने परत फिरले होते, आणि संप संपल्याची बातमी खरी आहे की खोटी हे मला ह्या घडीलाही सांगता येत नाही. पण तेव्हापासून मी एक गोष्ट पाहते आहे. ज्याचं त्याचं नाव लपवण्यात आम्ही सगळे इतके गुंतलो, की पोपट ओव्हाळ कुठे आहे असं आजपर्यंत कुणी कुठल्याच दारात विचारलेलं नाही. पोलिसांना नाही, शेडमध्ये नाही, तुरुंगात नाही. तो कुठेही असला, तरी त्या जागी त्याला विचारणारं कुणी नाही, असंच तिथल्यांना वाटत असणार. ज्याला विचारणारं कुणी नाही, त्याचं काहीही करता येतं. खरं उत्तर मिळेल अशी आशा मला नाही. कामावर आहे म्हणाले, तर तो राजीखुशीने आहे की नाही ते कळणार नाही. नाही म्हणाले, तर कुठे आहे ते कळणार नाही. नकुशीसमोर ठेवता येईल असं त्यातून काही निघेल का, तेही माहीत नाही. पण कुणीतरी त्याचं नाव घेऊन विचारलं, एवढं तर होईल.

हे मी ह्यांना असं सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "तुमचं नाव सांगणार नाही. माझं सांगेन."

ते भिंतीकडे वळले. मला वाटलं, बोलणं संपलं. मग तसेच पाठमोरे म्हणाले, "करणारच आसशील तर पी. पी. कर. साहेब तसाच करत्यात."

पी. पी. म्हणजे माणसाचं नाव देऊन केलेला ट्रंक कॉल. तिकडचा फोन उचलणाऱ्याला ऑपरेटर आधी विचारतो, अमुक माणूस आहे का, बोलवा त्याला. माणूस आहे की नाही हे तिकडच्याला सांगावंच लागतं.

पोस्ट उघडलं की मी खिडकीशी उभी राहणार. अर्जंट बुक करणार. माणसाचं नाव विचारतील तेव्हा पोपट सावळाराम ओव्हाळ, फायरमन, असं पुरतं सांगणार. मग तिकडे शेडमध्ये घंटी वाजेल आणि ऑपरेटर ते नाव मोठ्याने घेईल. तिकडून कुणी 'थांबा, बोलावतो' म्हणालं आणि तो खरोखर फोनवर आला, तर कुठे होतास ते मी विचारणार नाही. आजूबाजूला कोण उभं असेल सांगता येत नाही. हाताचंच विचारीन.